बिऱ्हाडाचा परवाना



नेवाशाच्या माणसाला इतिहास सांगायचा तर पैस खांबापासूनच सुरुवात करावी लागते. शके १२१२ मध्ये या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. परंतु त्या ग्रंथाच्या अलीकडच्या दोन गोष्टींकडे आम्हाला आज आपले लक्ष वेधायचे आहे. परंपरा सांगते की विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला, पुढे गुरूच्या आज्ञेने ते पत्नीकडे परतले, आणि समाजाने त्यांचा संसार संसार म्हणून मानण्याचे नाकारले. त्यांच्या चार मुलांना शुद्धिपत्र आणण्यासाठी पैठणला जावे लागले. ही झाली पहिली गोष्ट. ते कागद घेऊन परतताना नेवाशाला आले, तेव्हा एक बाई पतीच्या प्रेताबरोबर सती जायला निघाली होती. तिचा पती ज्ञानेश्वरांनी तिला परत मिळवून दिला, आणि तेच हे सच्चिदानंदबाबा. ही दुसरी गोष्ट. चमत्काराचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडून देऊ. पण आपल्या गावाची कहाणी सुरू होते ती एका लग्नाला मान्यता देणाऱ्या कागदापासून आणि एका बाईला तिचा नवरा मिळण्यापासून, एवढे ध्यानात ठेवू.

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनस, ग्रॅच्युइटी किंवा साखर कामगारांच्या वेतनश्रेणीवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा होती. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झालेले, तेव्हा ती अपेक्षा चूक नव्हती. आम्ही विषय दिला तो असा: परदेशी असलेल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जाण्यासाठी वकिलातीत करावा लागणारा अर्ज, आणि त्या अर्जाचा इतिहास. कामगार चळवळीतल्या माणसाला या उठाठेवी कशाला, असे काहींना वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो, कारण त्यात आमची एक चूक आहे.

आमच्या एका सभासदाच्या मुलीचे लग्न झाले. जावई युरोपातल्या एका देशात यंत्रशाळेत नोकरीला. महिन्याच्या रजेवर आला, लग्न झाले, रजा संपली, गेला. पुढे मुलीने जायचे. बाप आमच्याकडे विचारायला आला की लग्नाची नोंदणी करून ठेवावी काय. आम्ही हसून म्हणालो, "अरे, हजार माणसे जेवून गेली. याहून मोठा पुरावा कोणता?" माणसांच्या साक्षीवर आमचा भरवसा फार. संपात, वाटाघाटीत, कोर्टात आम्ही माणसांच्याच बळावर उभे राहिलो आहोत. बापाने आमचे ऐकले.

मुलगी नेवासा फाट्यावर रात्रीची एस.टी. धरून मुंबईला गेली, सकाळी वकिलातीच्या रांगेत उभी राहिली आणि दुपारी कागद परत घेऊन आली. नोंदणीचा दाखला नव्हता हे एक. दुसरे असे की शाळेच्या दाखल्यावर तिचे एक नाव, आधार कार्डावर घरातले हाक मारायचे नाव, आणि लग्नानंतर तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले सासरचे तिसरेच नाव, तेही नवऱ्याने मोठ्या हौसेने आपल्या अर्जात घातलेले. पलीकडच्या अधिकाऱ्याने विचारले, या तिघींपैकी तुमची बायको कोणती? त्याचे तरी काय चुकले? मग उशिराची नोंदणी, दंड, साक्षीदारांची शोधाशोध, राजपत्रात नावाची जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा पाळी. यात चौदा महिने गेले. मधल्या काळात मुलगी बाळंत झाली. बापाने लेकरू पाहिले ते फोनच्या काचेतून. अखेर ती गेली, तेव्हा विमानतळावर बापाला पाहून पोर रडायला लागले, असे तिच्या आईने आम्हाला सांगितले. तिने आम्हाला दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचे मिळेल ते वाचत गेलो. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही की असा परवाना आजचा नाही, आणि सुरुवातीला तो आपल्याकडे येणाऱ्यांनाही लागत असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात कंपनीच्या परवानगीवाचून बाहेरच्या गोऱ्या माणसालाही इथे राहता येत नव्हते. १८१२ साली अमेरिकेतून काही तरुण मिशनरी आपापल्या बायकांसह कलकत्त्याला उतरले. कंपनीने त्यांना चालते व्हा म्हणून सांगितले. त्यांतील सॅम्युएल न्यूएल आणि त्यांची पत्नी हॅरिएट मॉरिशसच्या वाटेला लागले. वाटेत जहाजावरच हॅरिएट बाळंत झाली, मूल दगावले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मॉरिशसला तीही गेली. वय अवघे १९. त्यांचे दोन सहकारी, हॉल आणि नॉट, नॉट यांच्या पत्नीसह १८१३ च्या आरंभी मुंबईला पोहोचले. त्यांनाही आधी निघून जाण्याचा हुकूम झाला. बऱ्याच अर्जविनंत्यांनंतर त्यांना राहू दिले गेले. याच मंडळींचे मराठी मिशन १८३१ साली अहमदनगरला आले, आणि आपल्याच तालुक्यातले वडाळा हे पुढे त्यांचे एक ठाणे झाले. वडाळ्याची ती जुनी वास्तू आपण जाता-येता पाहतो. तिच्या पायाशी परवाना नाकारलेल्या एका एकोणीस वर्षांच्या बाईची कहाणी आहे, हे आम्हाला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते.

दुसरी गोष्ट मजुरांची. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर करारावर जाऊ लागले. मुंबई बंदरातूनही माणसे गेली. त्यांत कोकणातली मराठी कुटुंबे पुष्कळ होती, आणि त्यांच्या वंशजांनी मराठी भाषा व गणपती आजवर तिकडे जपले आहेत. त्या काळी मजुराच्या बायकोला कोणी अडवीत नव्हते. उलट पुरेशा बायका जात नाहीत अशीच सरकारची तक्रार होती. नुसत्या पुरुषांच्या बराकींत दंगे, खून, आत्महत्या फार होत, म्हणून पुढे शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवल्याच पाहिजेत, असा दंडक घालण्यात आला. शब्द ध्यानात घ्या. चाळीस बायका. कोणाच्या बायका, हा प्रश्न त्या दंडकात नव्हता. पिंपात पाणी किती भरायचे तसा तो हिशेब. मजुराचे लग्न हे मालकाच्या सोयीचे असते तेव्हा दार सताड उघडे, आणि गैरसोयीचे झाले की दाराला कुलूप. हे सूत्र या सगळ्या इतिहासात आपल्याला पुन्हापुन्हा भेटणार आहे.

कुलूप लागले ते मजूर करार संपवून माणूस म्हणून राहू लागला तेव्हा. अमेरिकेने १८७५ साली पेज कायदा केला. त्याअन्वये हाँगकाँगला बसलेला अमेरिकेचा वकील जहाजावर चढू पाहणाऱ्या प्रत्येक चिनी बाईची उलटतपासणी करी: तू कोण, कोणाची, चालचलन कसे. कायदा लिहिला होता वेश्याव्यवसायासाठी होणारी आयात थांबवण्याकरिता. परिणाम असा झाला की अब्रूदार बायकांनीही ती तपासणी नको म्हणून जाणे सोडले, आणि चिनी कामगारांची बिऱ्हाडे तिकडे थाटलीच गेली नाहीत. परक्या देशाचा अधिकारी आपल्या देशात खिडकीशी बसून बाईला प्रश्न विचारतो, या रिवाजाचे एक जुने मूळ तिथे आहे.

आपली आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून नवऱ्यावाचून अमेरिकेला निघाली. तिला व्हिसा लागला नाही. तिला अडवले ते घरच्यांनी आणि दारच्यांनी, सरकारने नव्हे. गोपाळराव मागाहून गेले, आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला तिला पदवी मिळाली तेव्हा ते तिथे हजर होते. म्हणजे ज्या काळाला आपण मागासलेला म्हणतो, त्या काळात नवऱ्याला बायकोकडे सातासमुद्रापार जाता येत होते. अडचण होती ती तिकिटाच्या पैशाची आणि जातीच्या बहिष्काराची. कागदाची भिंत त्यानंतरची. पहिल्या महायुद्धाने ती पक्की केली, आणि आपल्याकडे १९२० साली पासपोर्टाचा कायदा झाला.

आता या इतिहासातील मुख्य प्रकरणाकडे येऊ. स्थळ दक्षिण आफ्रिका, तारीख १४ मार्च १९१३. हसन इसप नावाच्या तिकडे स्थायिक झालेल्या हिंदी माणसाने आपली पत्नी बाई मरियम हिला हिंदुस्थानातून नेले. बंदरावर तिला अडवले. प्रकरण केपच्या वरिष्ठ न्यायालयात गेले आणि न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने झालेले लग्न या देशाचा कायदा मानीत नाही, सबब ही बाई कायद्याच्या दृष्टीने त्याची पत्नी नव्हे. एका फटक्यात हजारो हिंदू, मुसलमान, पारशी बायका कायद्यापुढे रखेल्या ठरल्या आणि त्यांची मुले अनौरस. त्यांच्याही लग्नात हजार माणसे जेवली होती. न्यायालयाला त्याचे काही नव्हते.

या निकालाआधी नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे हे गृहस्थ १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे हिंडले, मंत्र्यांना भेटले, आणि करार संपलेल्या मजुराच्या बोकांडी बसलेला वर्षाचा तीन पौंडांचा कर रद्द होईल, असा समज घेऊन परतले. तो समज खोटा ठरला. नेमका याच वेळी सर्ल यांचा निकाल आला. एकीकडे मजुराच्या कमरेचा पैसा, दुसरीकडे त्याच्या बायकोची अब्रू, या दोन्हींची गाठ पडली. आजवर सत्याग्रहात न आलेल्या बायका घराबाहेर पडल्या.

१९१३ च्या सप्टेंबरात कस्तुरबा गांधी आणि त्यांच्याबरोबरची मंडळी, एकूण १६ जण, परवान्यावाचून नाताळमधून ट्रान्सवालची हद्द ओलांडून गेली. कस्तुरबांना तीन महिने सक्तमजुरी झाली. उलट दिशेने ट्रान्सवालमधल्या बायका नाताळात घुसल्या. यांत बहुतेक तमिळ कष्टकरी घरांतल्या, काहींच्या कडेवर मुले. त्या न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींवर गेल्या, मजुरांच्या वस्तीत बसल्या आणि त्यांना सांगू लागल्या की हा कर तुमचा आणि हा अपमान तुमच्या बायकांचा. ऑक्टोबरच्या मध्याला खाणी बंद पडल्या. आम्ही आयुष्यभर फाटकसभा घेतल्या आहेत. अनोळखी खाणकामगारांसमोर उभे राहून, त्यांची भाषा आणि त्यांचे दुःख ओळखून, दोन आठवड्यांच्या आत हत्यार खाली ठेवायला लावणे ही काय चीज आहे, हे आम्हाला कळते. ते या बायकांनी केले.

६ नोव्हेंबर १९१३ रोजी २,०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुले पायी ट्रान्सवालच्या हद्दीकडे निघाली. संप खाणींवरून किनाऱ्याकडच्या उसाच्या मळ्यांत पसरला. नेवासा तालुक्यातील श्रोत्यांनी हे मुद्दाम ऐकावे: ऐन नोव्हेंबरात उसाचे मळे आणि साखरेचे कारखाने थंडावले, ते एका बाईच्या लग्नाच्या दाखल्यावरून आणि तीन पौंडांच्या करावरून. गोळीबार झाला, माणसे मेली. जोहान्सबर्गची वल्लियम्मा ही सोळा वर्षांची मुलगी तुरुंगातून ताप घेऊन बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजी वारली. इकडे गोखले मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने पैसा गोळा करीत हिंडत होते. अखेर १९१४ च्या जुलैमध्ये हिंदी लोकांच्या गाऱ्हाण्यांचा कायदा झाला. तीन पौंडांचा कर गेला. हिंदी धर्मरीतीने झालेले लग्न मान्य झाले, मात्र एकच पत्नी आणि तिची अज्ञान मुले यांनाच प्रवेश. त्यातही एक अट होती: लग्न शाबीत करता आले पाहिजे. म्हणजे लढ्याने दार उघडले, पण दारात दाखला मागणारा माणूस उभाच राहिला. हा धडा आम्ही आमच्या सभासदाच्या मुलीच्या वेळी विसरलो होतो.

कॅनडाची हकीकत याच सुमाराची. तिथल्या सरकारने १९०८ साली नियम केला की माणूस आपल्या देशातून न थांबता सरळ आला पाहिजे. हिंदुस्थानातून कॅनडाला तशी सरळ जहाजेच नव्हती. कायद्यात हिंदी माणसाचे नाव न घेता त्याला बाहेर ठेवण्याची ही युक्ती. भागसिंग आणि बलवंतसिंग या व्हँकुव्हरच्या शीख पुढाऱ्यांनी आपल्या बायकामुलांना नेले, तेव्हा १९१२ साली त्यांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला, आणि फार गाजावाजा झाल्यावर केवळ मेहेरबानी म्हणून राहू दिले. हक्क म्हणून नव्हे. कामगार चळवळीत आम्ही पहिल्यांदा शिकलो ते हेच की मालकाने मेहेरबानी म्हणून दिलेली रजा ही रजा नव्हे. ती उद्या परत घेता येते. कॅनडात बायकामुलांना रीतसर वाट मिळाली ती महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली.

आता अलीकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला गिरण्यांत, ओतशाळांत, इस्पितळांत माणसे हवी होती. तोवर राष्ट्रकुलातल्या माणसाला मुक्तद्वार होते. १९६२ च्या कायद्याने ते अर्धे लोटले. १९६९ पासून बायकामुलांना इथल्या ब्रिटिश कचेरीतून प्रवेशाचा दाखला आधी घेणे सक्तीचे झाले. रांगा लागल्या आणि नवराबायकोला वेगवेगळे बसवून प्रश्न विचारण्याची पद्धत पडली. २४ जानेवारी १९७९ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ३५ वर्षांची एक हिंदी शिक्षिका उतरली. ती तिकडच्या वाग्दत्त वराशी लग्न करण्यासाठी आली होती. वाग्दत्त वधूला दाखला लागत नसे, पत्नीला लागे. ती खरोखर अविवाहित आहे की नाही हे पाहण्यासाठी तिची डॉक्टरकडून कौमार्याची तपासणी करण्यात आली. वर्तमानपत्राने हे उघडकीला आणले आणि ती प्रथा बंद झाली. पुढे सापडलेल्या सरकारी कागदांवरून दिसले की अशी तपासणी ऐंशीच्या आसपास बायकांची झाली होती, आणि पुष्कळांची आपल्याच देशातल्या ब्रिटिश कचेऱ्यांत. हाँगकाँगच्या खिडकीपासून इथवर शंभर वर्षे झाली होती. प्रश्न तोच राहिला: तू कोण, कोणाची, चालचलन कसे.

१९८५ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने एक निकाल दिला. ब्रिटनमध्ये स्थायिक पुरुषाला बायको आणता येत असे, पण तशाच बाईला नवरा आणणे फार अवघड केलेले होते. तीन बायकांनी दाद मागितली: अब्दुलअझीझ, काबालेस आणि बलकंदाली. न्यायालय म्हणाले, हा स्त्रीपुरुषांत भेद आहे. निकाल जिंकला. मग सरकारने काय केले? बायकांवरचा जाच कमी करण्याऐवजी तोच जाच पुरुषांनाही लागू केला. समानता झाली! ज्यांनी वेतनकरार केले आहेत त्यांना ही चाल ओळखीची वाटेल. दोन खात्यांचा पगार सारखा करा म्हटले की मालक वरचा खाली आणतो. समान करा एवढेच मागून भागत नाही. कोणत्या पातळीवर समान करा, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे लागते.

आता आजच्या खिडकीशी येऊ. अमेरिकेने १९४६ साली हिंदी लोकांना वर्षाला शंभर जागा दिल्या होत्या. १९६५ च्या कायद्याने वंशावर बेतलेली ती वाटणी गेली आणि आपल्या डॉक्टर-इंजिनियरांची वाट मोकळी झाली. मुंबईची अमेरिकन वकिलात बरीच वर्षे ब्रीच कँडीला वांकानेरच्या महाराजांच्या वाड्यात होती, २०११ च्या नोव्हेंबरात ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. तिथे जाणाऱ्या बायका मुख्यतः दोन प्रकारच्या. एकीचा नवरा नागरिक किंवा कायमचा रहिवासी. त्याने आधी तिकडे अर्ज करायचा, नाते मान्य करून घ्यायचे, आणि आपण हिला पोसू शकतो असे उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. दुसरीचा नवरा ठराविक मुदतीच्या नोकरीवर. तिचा व्हिसा त्याच्या व्हिसाच्या शेपटीला बांधलेला. त्याची नोकरी गेली की तिचे राहणे गेले. अशा बायकांना तिकडे नोकरी करण्याची मुभा २०१५ पर्यंत नव्हतीच, आणि त्यानंतर मिळाली तीही त्यांच्यातल्या काहींनाच. इथे शिकवणाऱ्या, इथे औषधे देणाऱ्या मुली तिकडे परावलंबी या एका शब्दात जमा झाल्या.

जर्मनीने २००७ पासून येणाऱ्या पत्नीला किंवा पतीला बहुतेक बाबतींत आधी प्राथमिक जर्मन भाषेची परीक्षा लावली. ब्रिटनने २०१२ साली बायको आणणाऱ्याची वार्षिक कमाई किमान १८,६०० पौंड हवी असे ठरवले आणि २०२४ च्या एप्रिलपासून ती २९,००० पौंड केली. या शेवटच्या आकड्याकडे आम्ही बराच वेळ पाहत बसलो. पूर्वी धर्म विचारला, मग वंश विचारला, आता पगार विचारतात. स्वयंपाकघरात, गोदामात, म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेला माणूस चालतो. पण त्या कामाचा पगार बायको आणण्याइतका नसतो. म्हणजे हात हवे आहेत, बिऱ्हाड नको आहे.

हे ऐकून परदेशांना नावे ठेवायला आपण सरसावू, म्हणून आता घरचे सांगतो. आपल्या तालुक्यात दर हंगामाला बीड आणि पाथर्डीकडून ऊसतोडीची माणसे येतात. त्यांचा हिशेब कसा होतो? नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला, आणि पैसा मोजून घेतो पुरुष. म्हणजे परदेशात बायकोला वेगळे ठेवून मजूर घेतात, इथे बायकोला जोडूनच मजूर घेतात. दोन्हीकडे लग्न हे मजुरीचे माप झाले. ज्याला जसे सोयीचे, तसे त्याने आपले लग्न मोजले.

आणि ज्या गिरण्यांनी मुंबई उभी केली त्यांनी तरी काय केले? आमचे वडील लालबागला गिरणीत होते. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी बारा माणसे, जेवण खानावळीत. आई नेवाशाला. त्यांना कोणी वकील प्रश्न विचारीत नव्हता, पण बायकोला ठेवायला जागा नव्हती आणि पगारात जागा मिळत नव्हती. नकाराचा शिक्का तेवढा कोणी मारला नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. काही महिने वाट पाहून वडील घरी आले, ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. संप बुडाला, गिरण्या बुडाल्या, आमचे घरही कर्जात गेले. परंतु आमच्या आईवडिलांचे सलग एका छपराखालचे पहिले वर्ष ते होते. आई पुढे कधीकधी म्हणे, की ते वर्ष उपासाचे होते पण माणसाचे होते. आम्ही त्या वेळी बारा वर्षांचे होतो. आज तिचे बोलणे कळते.

या अर्जांची तपासणीच नको, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. परदेशी नवऱ्याने लग्न करून, दागिने घेऊन, मुलीला इथेच टाकून जाण्याचे प्रकार इतके झाले की २००९ साली राष्ट्रीय महिला आयोगाकडे अशा तक्रारींचे काम सोपवावे लागले. तिकडे आधीच एक संसार असलेला माणूस इथे दुसरा मांडतो, तेव्हा कागदच त्याला पकडतो. आणि आपल्या देशाचे दारही काही सताड उघडे नाही. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला इथले नागरिकत्व मागण्याआधी सात वर्षे राहावे लागते, आणि परदेशी भारतीयाचे कार्ड हवे तर नोंदलेले लग्न निदान दोन वर्षे टिकलेले असावे लागते. आपण विचारतो तर इतरांनी विचारू नये असे कसे म्हणावे? आमचे म्हणणे एवढेच की प्रश्न विचारताना माणसाची अब्रू राखावी, उत्तर ठराविक मुदतीत द्यावे, नकाराचे कारण लेखी द्यावे, आणि लग्नाची किंमत पगारात करू नये. पासपोर्ट हीसुद्धा एके काळी आपल्या सरकारची मेहेरबानी होती. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे ठरवले, तेव्हा त्याच वर्षी पासपोर्टाचा नवा कायदा करावा लागला. मेहेरबानीचा हक्क होऊ शकतो. त्याला कोणीतरी भांडावे लागते.

तोवर काय करायचे? इतिहास सांगणाऱ्याने उपदेश करू नये असे म्हणतात, पण आम्ही पडलो संघटनेची माणसे. लग्न लागले की त्याच महिन्यात ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत नोंद करा. तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही लागते. ही सगळी माणसे तेव्हा जवळ असतात, वर्षाने पांगतात. आपल्या राज्यात त्यासाठी १९९८ चा वेगळा कायदा आहे, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच लग्नांची नोंद सक्तीची करावी असे सांगितले आहे. मुलीचे नाव बदलायची हौस असेल तर तांदळाच्या ताटापुरती ठेवा. कागदावर तिचे शाळेतले नाव राहू द्या. तसेही ते नाव तिच्या आईबापांनी ठेवलेले असते, आणि ते पुसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा एक वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. अर्जाच्या प्रत्येक पानाची नक्कल ठेवा. नकार आला तर दलालाकडे धावण्याआधी कारण वाचा.

गेल्या वर्षापासून आमच्या संघटनेच्या कचेरीत दर रविवारी सकाळी एक टेबल मांडलेले असते. सभासद असो वा नसो, नवे लग्न झालेल्या जोडप्याचे नोंदणीचे कागद आम्ही तिथे भरून देतो. पैसे घेत नाही. परदेशी जायचे आहे काय, हेही विचारीत नाही, कारण ते आज कोणालाच ठाऊक नसते. ऊसतोडीच्या टोळीतली जोडपीही येऊ लागली आहेत. त्यांतल्या एका बाईने दाखला हातात घेतला आणि त्यावरचे आपले नाव दोनदा वाचून घेतले. मुकादमाच्या वहीत ते आजवर कधी आले नव्हते.

ज्ञानेश्वरांना पैठणचा कागद मिळाला म्हणून ते मोठे झाले नाहीत, हे खरेच. पण तो आणायला त्या चार पोरांना पायी जावे लागले, हेही खरे. आपल्या पोरींना निदान तेवढी पायपीट पडू नये. टेबल रविवारी आठ वाजता लागते.